मागे अजून कोणी आहे का?

पुण्यात राजाराम पुलाच्या अलीकडे, मॅरेथॉनच्या पस्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी ती उभी होती. साडीवर सफाई कामगारांचे केशरी जाकीट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात चुरगळलेल्या कागदी पेल्यांनी अर्धे भरलेले पोते. तिच्या शेजारी पाण्याचे टेबल होते, त्यावर पाच-सहा भरलेले पेले उरले होते आणि टेबलामागे दोन मुले टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभी होती. पावणेअकरा वाजले होते. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो होतो, तेव्हा डिसेंबरची थंडी कानाला झोंबत होती. आता ऊन डांबरावरून उलटून तोंडावर येत होते. चेहऱ्यावरचा घाम सुकून त्याचे मीठ झाले होते आणि हाताने पुसले की वाळू घासल्यासारखे वाटत होते. रस्त्याची अर्धी बाजू केव्हाच वाहतुकीला मोकळी झाली होती आणि एक रिक्षावाला जाता जाता ‘कडेने, कडेने’ असे ओरडून गेला होता. मी एक पेला उचलला, अर्धा प्यायले, अर्धा मानेवर ओतला. ती बाई माझ्याकडे पाहत होती. तिची नजर माझ्या मागच्या रस्त्याकडे गेली, पुन्हा माझ्याकडे आली आणि तिने विचारले, “ताई, मागं आणखी कुनी हाय का?”

मी ‘नाही’ म्हणाले.

नुसते ‘नाही’ म्हणून मी थांबले नाही, “मीच शेवटची,” असेही म्हणाले. मागे वळून पाहिले नाही. तिने मान डोलावली, मुलांना हाक मारली आणि मी वीस-पंचवीस पावले पुढे गेले असेन तोच टेबलाचे पाय मिटल्याचा आणि पाण्याचे जार टेम्पोत आदळल्याचा आवाज आला. पुढची सात किलोमीटर तो टेम्पो माझ्या मागे-पुढे राहिला. मी पाण्याच्या टेबलापाशी पोहोचायची, पाणी प्यायची, पुढे निघायची आणि माझ्या पाठीमागे ते टेबल उचलले जायचे. मला ते त्या वेळी विचित्र वाटले नाही. उलट इतके लोक माझ्यासाठी थांबलेले आहेत याचा संकोच वाटला आणि त्या संकोचापायी मी थोडी भरभर पावले टाकली.

सहा तास तेवीस मिनिटांनी मी पोहोचले. सात तासांची मुदत होती, म्हणजे वेळेत. गळ्यात पदक पडले, आमच्या गटातल्या एकीने हातात पोह्यांची बशी दिली आणि मी मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत पाय पसरून बसले. पोह्यांतला शेंगदाणा चावण्याइतकीही ताकद जबड्यात नव्हती. अर्धा-पाऊण तास गेला. मांडव उतरवायला माणसे शिडीवर चढली होती. तेवढ्यात फाटकातून एक गृहस्थ आत आले, लंगडत, पण धावण्याच्याच ढंगात, कोपर अंगाशी दुमडून. पासष्टीच्या आसपासचे, पांढरी टोपी, छातीवर चार पिनांनी लावलेला क्रमांक. मी त्यांना ओळखले. तेहेतिसाव्या किलोमीटरपाशी, नळ स्टॉपच्या सिग्नलजवळ ते पदपथाच्या कडेला बूट काढून बसले होते आणि दोन्ही अंगठ्यांनी पोटरी दाबत होते. पेटका आला होता. मी जवळून जाताना आमची नजरानजर झाली होती, मी मान हलवली होती, त्यांनीही हलवली होती. मी काही विचारले नव्हते.

ते माझ्याच जवळ येऊन बसले. ओठ पांढरे पडले होते. मी माझी बाटली पुढे केली, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात संपवली. “शेवटी शेवटी पाणी संपलं होतं वाटतं सगळीकडचं,” ते म्हणाले. “एका रसवंतीवाल्यानं रस दिला ग्लासभर. पैसे घेईना.” त्या रसवंतीवाल्याच्या आठवणीने त्यांचा चेहरा उजळला होता. तक्रारीचा सूर कणभरही नव्हता. मी त्यांना सांगू शकले असते. पाणी संपले नव्हते, मी ‘मागे कोणी नाही’ असे सांगितले म्हणून ते उचलले गेले, इतकेच सांगायचे होते. ते वाक्य माझ्या जिभेवर आले, हे मला नक्की आठवते. मी त्यांना पोहे आणून दिले, अभिनंदन केले आणि घरी निघाले.

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. तिचे मोठे काही झाले नाही, कोणाला इजा झाली नाही. तरीही रात्री दिवा मालवल्यावर कित्येकदा ते टेबलाचे पाय मिटल्याचा आवाज मला ऐकू येतो.

मी तसे का म्हणाले, याचे एक उत्तर शरीराकडे आहे आणि ते खोटे नाही. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. धावताना किलोमीटरमागे वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे एक कॅलरी लागते. माझे वजन ५८ किलो, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरना जवळजवळ अडीच हजार. हिशेब कुठे चुकतो ते उघड आहे. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरनंतर साठा तळाला जातो, चरबीतून शक्ती मिळते पण सावकाश, आणि मेंदूला तर मुख्यतः साखरच हवी असते. त्या अवस्थेला धावणारे ‘भिंत लागली’ असे म्हणतात. भिंत लागते तेव्हा पाय जड होतात हे सगळे सांगतात, पण त्याआधी जग लहान होत जाते हे कोणी सांगत नाही. आधी दुकानांच्या पाट्या दिसेनाशा होतात, मग माणसांचे चेहरे, मग आवाज. उरतो तो पुढचा दहा फूट रस्ता आणि मनगटावरच्या घड्याळातला आकडा. मी खिशातला खजूर आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा वेळेवर खाल्ला होता, तरी तेवढ्याने भागले नव्हते. तेव्हा ‘मागे कोणी आहे का’ या प्रश्नातला ‘मागे’ हा शब्दच माझ्यापर्यंत पोहोचला नसेल, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे.

पण ते पुरेसे नाही, कारण ते गृहस्थ मला आठवत होते. प्रश्न ऐकला त्या क्षणी पांढरी टोपी डोळ्यांपुढे आली होती. मी मनाशी ठरवून टाकले होते की पेटका आलेला, बूट काढून बसलेला माणूस आता उठत नाही, रिक्षा करून घरी जातो. दुसऱ्याची शर्यत कुठे संपली ते मी ठरवले होते.

मी धावायला लागले वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. सुरुवातीला तळजाईच्या टेकडीवर चालायला जायची, मग दोन विजेच्या खांबांमधले अंतर धावायची आणि पुढच्या दोन खांबांपर्यंत चालायची. पहिले सलग पाच किलोमीटर झाले त्या दिवशी घरी येऊन मी कोणाला न सांगता गोडाचा शिरा केला होता. पुढे गट मिळाला, सोळा आठवड्यांचे वेळापत्रक मिळाले. मंगळवारी टेकडीवर चढाच्या फेऱ्या, गुरुवारी मधल्या वेगाचे धावणे, रविवारी लांब पल्ला. हा रविवारचा पल्ला आठवड्याला दोन-तीन किलोमीटरने वाढत तीस-बत्तीसपर्यंत न्यायचा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे सगळे कमी करत आणायचे, म्हणजे शरीर झीज भरून काढते. रविवारी पहाटे चारला उठताना स्वयंपाकघरातला दिवा न लावता चहा करायचा, भांड्याचा आवाज होऊ द्यायचा नाही, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन चोपडायचे, बुटाची गाठ दोनदा बांधायची. त्या अंधारातल्या वीस मिनिटांवर माझे फार प्रेम आहे. घरात कोणाची सून, कोणाची आई नसलेली अशी वीस मिनिटे मला त्याआधी आयुष्यात मिळाली नव्हती. ‘आपल्यापुरते पाहा, शेजारच्याच्या वेगाने धावू नका, पुढे नजर ठेवा,’ असे गटातले शिक्षक पुन्हा पुन्हा सांगत. ज्या बाईने वीस वर्षे सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उरलेले खाल्ले, तिला ते शब्द औषधासारखे लागू पडले. म्हणून मला तो सल्ला आजही चुकीचा वाटत नाही. गोष्ट अवघड होते ती इथेच.

पोहणे मात्र मला लहानपणापासून येत होते, कारण टिळक तलावावर उन्हाळी सुट्टीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्हां भावंडांना पाण्यात सोडले होते. ज्यांनी डब्यावर पोहणे शिकले त्यांना तो दोरीचा काच, पोटावर उठणारा लाल वळ आणि डब्याचा पाण्यावर होणारा पोकळ आवाज आठवत असेल. डबा असतो तोवर माणूस बुडत नाही, आणि एके दिवशी शिकवणारे काहीतरी बोलत बोलत गाठ सैल करतात. माझा डबा सुटला तेव्हा मी घाबरून मागे पाहिले होते आणि वडील कठड्याला धरून वाकून उभे असलेले दिसले होते. एवढे दिसले आणि हातपाय आपोआप हलू लागले.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर ट्रायथलॉनकडे वळले तेव्हा हेच पोहणे मला पुन्हा शिकावे लागले. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला हा खेळ आला, त्याचे अंतर दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे असे आहे. मी गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर उतरले ती शर्यत त्याहून लांब होती : १.९ किलोमीटर समुद्र, ९० किलोमीटर सायकल आणि अर्धी मॅरेथॉन, सगळे मिळून साडेआठ तासांत. तलावात तळाशी रेघ असते, तिच्यावर डोळा ठेवला की माणूस सरळ जातो. समुद्रात रेघ नसते. प्रत्येकाचा एक हात दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो आणि आपल्याला न कळता आपण त्या बाजूने भरकटत जातो, म्हणून दर आठ-दहा हातांनी डोके वर काढून नारिंगी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, कुठे आहे ते पाहावे लागते. मी तसे पाहत होते. पाणी कोमट, गढूळ आणि डिझेलच्या पुसट वासाचे होते, कोणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली होती आणि उजव्या डोळ्यात खारे पाणी शिरले होते. अर्ध्या अंतरावर मी पाठीवर वळून चष्मा नीट केला, तेव्हा मला पहिल्यांदा मागचे पाणी दिसले. दूरवर एकच लाल टोपी वर-खाली होत होती आणि तिच्या अगदी शेजारून एक होडी चालली होती, वल्हे जवळजवळ न मारता, पोहणाऱ्याच्या वेगाने. जीवरक्षक त्या माणसाशी काहीतरी बोलत होता. शेवटचा पोहणारा बाहेर येईपर्यंत पाण्यात कोणी ना कोणी त्याच्याबरोबर असते, हा या खेळाचा नियमच आहे आणि त्याचे कारण साधे आहे : पाण्यात मागे राहिलेला माणूस नजरेआड झाला तर तो बुडू शकतो. रस्त्यावर मागे राहिलेला माणूस बुडत नाही, म्हणून त्याच्याकडे पाहण्याची घाई कोणाला नसते. हा विचार मला तेव्हा सुचला नव्हता. राजाराम पुलानंतर सुचला.

सायकलीचे नाते वडिलांकडून आले. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि कसब्यातून रोज सायकलने जायचे, येऊन-जाऊन चौदा-पंधरा किलोमीटर, जवळजवळ तीस वर्षे. त्याला व्यायाम असे कोणी म्हणत नव्हते. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हाची ही गोष्ट. सकाळी संगम पुलावर सायकलींचा लोंढाच्या लोंढा असायचा, हँडलला डबा, कॅरियरला गुंडाळलेला रेनकोट, आणि त्या लोंढ्याचा मिळून एक आवाज असायचा, पावसाच्या बारीक सरीसारखा. वडिलांच्या बरोबर जाणारे सात-आठ जण ठरलेले होते. कोणाची साखळी पडली की सगळे थांबत नसत, सगळ्यांना हजेरीची वेळ गाठायची असे. एक जण थांबायचा. कोण थांबायचे ते ठरलेले नसे, पण थांबायचा एक जण नक्की. साखळी चढवून काळे झालेले हात दोघेही वाटेतल्या नळावर धूत आणि कधी कधी दोघांचाही लेटमार्क लागे. वडील हे सांगायचे ते लेटमार्कच्या संदर्भात, मोठे काही केल्याच्या आविर्भावात नव्हे. मी कार्बनची हलकी सायकल घेतली तेव्हा ते हयात नव्हते. त्यांनी ती एका बोटाने उचलून पाहिली असती, हे मात्र मला दिसते.

सायकलच्या सरावासाठी आम्ही कात्रजला, बोपदेवला जातो, पण माझा आवडता दिवे घाट. पहाटे हडपसर ओलांडून निघायचे, पायथ्याशी दोन घोट पाणी प्यायचे आणि हलक्या गिअरवर चढाला लागायचे. वर पोहोचून परत यायचे आणि सायकल भिंतीला टेकवून लगेच धावायला सुटायचे. या जोड-सरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. सायकलवरून उतरल्यावर पहिली दहा मिनिटे पाय आपले नसतातच, कोणीतरी उसने दिल्यासारखे ते खाली हलत असतात आणि आपण वरून पाहत असतो. त्या घाटाची सगळी वळणे मला पाठ आहेत. ज्येष्ठ-आषाढात त्याच घाटातून माउलींची पालखी सासवडला जाते. एका वर्षी मी सायकल न घेता चालत गेले होते. डोईवर तुळस घेतलेल्या, माझ्या आईच्या वयाच्या बायका साध्या चपलांनी ज्या लयीत तो चढ चढत होत्या, ती लय मला माझ्या घड्याळाच्या कोणत्याच आकड्यात सापडली नव्हती.

त्या वर्षी मुक्कामावर समाज आरतीला थांबले. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, कानठळ्या बसतात. मग चोपदार दंड उंचावतात, आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते आणि चोपदार तिचे म्हणणे ऐकून घेतात. त्यानंतर हरवले-सापडलेले पुकारले जाते. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, चुकामूक झालेले कोणी. लाखांचा समुदाय दिवसभर चालून थकलेला, पावसाने भिजलेला, भुकेला, आणि तरी तो एकाच्या हरवलेल्या पिशवीचे वर्णन शांतपणे ऐकून घेतो, मगच आरती होते. मी त्या शांततेत उभी होते. मला त्या वेळी तिच्या शिस्तीचे कौतुक वाटले होते, शांततेत विचारलेला प्रश्न कळला नव्हता. राजाराम पुलाजवळच्या त्या बाईने मला तोच प्रश्न विचारला होता. तिचा वारीशी संबंध असेल किंवा नसेलही. तिचे काम संपायचे होते, घरी जायचे होते, ऊन तिलाही लागत होते, आणि तरी काम आवरण्याआधी तिने विचारले. विचारायचे तिने केले. सांगायचे माझ्याकडे होते.

डेक्कन जिमखान्यावरून जाताना मला अलीकडे आणखी एक गोष्ट आठवते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना उद्योगपती दोराबजी टाटा आले होते. खेड्यांतून आलेली, अनवाणी धावणारी माणसे त्यांनी तिथे पाहिली आणि हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याच्या प्रयत्नांना तिथून बळ मिळाले. पुढच्याच वर्षी अँटवर्पला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब. आपल्याकडे धावण्याचा इतिहास सांगताना चौगुल्यांचे नाव निघते आणि निघायलाच हवे. पण त्या दिवशी त्याच मॅरेथॉनमध्ये सदाशिव दातार हेही धावले होते. त्यांच्या नावापुढे वेळ नाही, शर्यत पूर्ण केली नाही एवढीच नोंद आहे. कुठल्या किलोमीटरला ते थांबले, पोटरीला पेटका आला की पोटात कळ, परक्या देशातल्या त्या रस्त्याच्या कडेला त्यांना पाणी कोणी दिले का, हे मला जाणून घ्यावेसे वाटते. एक काळ असा होता की मी निकालाच्या तक्त्यात वरून खाली पाहायची आणि स्वतःचे नाव सापडले की थांबायची. आता मी खालून वर वाचते.

माझ्या त्या शर्यतीचा निकालही तसाच वाचला. शेवटच्या ओळीत त्या गृहस्थांचे नाव होते. सहा तास अठ्ठावन्न मिनिटे. म्हणजे दोन मिनिटे राखून त्यांनी मुदत गाठली होती, पाय धरलेला असताना, शेवटची सात किलोमीटर पाण्याच्या एकाही टेबलाशिवाय, एका रसवंतीवाल्याच्या ग्लासभर रसावर. माझे नाव त्यांच्या लगेच वरच्या ओळीत होते. नाव-गाव मिळाले म्हणजे शोधून काढणे अवघड नव्हते, आणि दोन-तीनदा मी तसे करायचे ठरवलेही. मग वाटले, त्यांच्या मनात त्या दिवसाची आठवण म्हणून तो रसवंतीवाला आहे. मी जाऊन खरे सांगितले तर माझे मन हलके होईल, पण त्यांच्या आठवणीत तो रसवंतीवाला मागे पडेल आणि पुढे मी येईन. हे मी बरोबर केले की ही दुसरी पळवाट आहे, याचा निकाल माझ्याच्याने लागत नाही.

धावणे मी सोडलेले नाही. पहाटेचा अंधारातला चहा सोडलेला नाही, घड्याळही काढून ठेवलेले नाही. मला अजूनही सहा तासांच्या आत यायचे आहे आणि त्यासाठी मंगळवारी टेकडीवर मी जीव खाऊन चढते. फक्त गेल्या डिसेंबरात मी धावण्यासाठी नाव दिले नाही, पाण्याच्या टेबलासाठी दिले. आमच्या गटाला मिळालेले टेबल अडतिसाव्या किलोमीटरला होते. पहाटेपासून आम्ही जार उपसले, पेले निम्मेच भरायचे हे मुलांना शिकवले, मिठाचे आणि साखरेचे पाणी वेगळे ठेवले, कारण नुसते पाणी फार पिऊन रक्तातले मीठ घटले तरी माणूस कोसळतो. आठ वाजता एका वेळी वीस-वीस हात पुढे येत होते. दहाला चार. सव्वाअकराला रस्ता रिकामा झाला, पेले वाऱ्याने गडगडत दुभाजकापाशी जमा झाले आणि टेम्पोवाल्याने गाडी सुरू करून टेबलाशेजारी आणून लावली. “आवरायचं ना, मॅडम?” त्याने खिडकीतून विचारले.

एक मुलगी येत होती. पंचविशीची असेल, रडून डोळे सुजले होते, तरी चालत होती. मी तिला पाणी दिले, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तो तोंडात टाकून होईपर्यंत थांबले.

“तुझ्या मागे अजून कोणी आहे का?”

तिने वळून पाहिले. रस्ता सरळ होता आणि त्यावर ऊन सोडून काही दिसत नव्हते. ती क्षणभर विचार करत राहिली. “आहेत. एक काका आहेत,” ती म्हणाली. “निळा टी-शर्ट. दत्तवाडीच्या वळणाला होते, भिंतीला धरून उभे होते. बोलले माझ्याशी.”

“काय म्हणाले?”

“येतो म्हणाले.”

मी टेम्पोवाल्याकडे पाहिले. त्याने हात कपाळाशी धरून लांबवर नजर टाकली, मग काही न बोलता किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. मी दोन पेले नव्याने भरले, त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून वर पुठ्ठा ठेवला, एक बाटली उचलली आणि वळणाच्या दिशेने चालू लागले.